मनुकांची बरणी

मेजरांकडे रमच्या एकाच ग्लासाचे निदान सात इतिहास होते. समोर बसलेल्या माणसाकडे बघून ते त्यातला एक काढत. मुंबईहून द्राक्षाचे मळे बघायला आलेलं जोडपं असेल, तर गोष्टीत एक गोरा कर्नल यायचा. बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत अडकलेला, उन्हानं डोकं फिरलेला, खानसाम्याला शिव्या देत रममध्ये लिंबू पिळणारा. समोर फौजी पेन्शनर असला की तोच ग्लास सरहद्दीवरच्या बर्फातून खाली उतरायचा. आणि निफाडकडचा ऊसवाला बागाईतदार आला, तर मग त्याच्याच तालुक्यातल्या कुठल्याशा गुऱ्हाळावर काकवीच्या कढईत बाटली कलंडायची. प्रत्येकाला आपापला इतिहास मिळायचा आणि प्रत्येक जण दुसरा ग्लास मागायचा.

सटाण्याचे एक कांद्याचे व्यापारी होते. त्यांनी एकदा दोन वेगवेगळ्या मुक्कामांत दोन वेगवेगळे इतिहास ऐकले आणि डोळे बारीक करून विचारलं, "मेजर, हाई खरं शे का?" मेजर ग्लास पुसत म्हणाले, "शेठ, तुमी पिताय ते खरं. बाकीचं कुनी बघितलंय?"

मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या त्या हॉटेलात मी रिसेप्शनवर होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लागले. इतिहासात एम.ए. झाले होते, कॉलेजात कुणी उभं करेना, म्हणून तात्पुरती म्हणून धरलेली नोकरी. तात्पुरतं म्हणून धरलेलं सोडायला किती वर्षं लागतात ते सांगत नाही. आईनं पंचवटीतल्या शेजारणींना 'ती ऑफिसात असते' एवढंच सांगितलं होतं. हॉटेल एक वेळ चाललं असतं, पण या हॉटेलला बार होता. आणि मी तर दुपारी दोन ते चार, फोन गप्प असायचे तेव्हा, बंद बारमध्येच बसून चहा प्यायचे. कारण मेजर तेव्हा त्या रममध्ये घालायचा पाक करत.

मेजर फौजेत कधीच नव्हते. देवळालीच्या एका मेसमध्ये त्यांनी पंधरा-सोळा वर्षं ताटं-ग्लास वाहिले होते. तिथून येताना ताठ कणा, कडक इस्त्रीची कॉलर आणि "जी साब" एवढं घेऊन आले. आमच्या आचाऱ्यानं पहिल्याच दिवशी त्यांना मेजर करून टाकलं आणि ते पद त्यांना कायमचं चिकटलं. मस्टरवर नाव काशिराम होतं. गाव पेठ तालुक्यातलं, पार गुजरातच्या हद्दीकडचं. लोकांसमोर ते मला "म्याडम" म्हणायचे आणि दुपारी दोन ते चार "ताई".

त्यांचा पाक बघत बसावा असा असे. काकवी, सुंठ, दालचिनीचा तुकडा, करवंदांच्या दिवसांत करवंदं, आणि शेवटी एका काचेच्या बरणीतल्या भिजवून, कुस्करून, गाळलेल्या मनुका. एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा आणि नख तिरकं करायचं. थेंब नखावरून पळाला तर कच्चा. थांबून थांबून उतरला तर झाला. "पाकाला घाई नाय पायजे ताई," ते म्हणत, "घाई असली तर समजायचं, पानी जास्त हाय." माणसांनाही ते हेच लावत. नव्या वेटरकडे बघून एकदा पुटपुटले, "ह्यो पळनार." महिन्याभरात पळाला.

बार उघडायच्या आधी पहिल्या बाटलीतले चार थेंब ते काउंटरमागच्या फरशीवर सांडत. मुद्दाम. मग हात जोडल्यासारखं काहीतरी करत आणि फडक्यानं पुसून टाकत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जे आधी गेले त्यांचं आधी." स्वतः मात्र त्यांनी कधी थेंब तोंडात घातला नाही.

मला त्यांचं सगळं लिहून ठेवायची हौस होती. इतिहासवालीच ना मी. वही घेऊन बसले की ते हसत आणि प्रमाणं बदलून सांगत. "कागदावर आलं की मेलं, ताई. बोललेलं फिरवता येतं. लिवलेलं फिरत नाय." सगळ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट लिहून घेतली. बरणीवर चिकटवायला एक कागद पुढे केला आणि म्हणाले, "मोठ्या अक्षरात लिवा. मनुका." मी चांगलं वळणदार लिहून दिलं. नाशकात मनुकांकडे कोण दुसऱ्यांदा बघतं!

एका चैत्रात ते गावाहून आले आणि पिशवी बरणीत रिकामी करत होते. मी सवयीनं दोन मनुका उचलून तोंडात टाकल्या. गोड होत्या, पण मनुकांसारख्या नाही. एक जड, आंबूस वास नाकात चढला आणि मागून किंचित कडवटपणा आला. "मेजर, या मनुका नाहीत." त्यांनी बारचं दार आतून लावलं आणि स्टुलावर बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"मोहाची फुलं हायेत," ते म्हणाले.

मोहाची फुलं परवान्याशिवाय बाळगणं तेव्हा गुन्हा होता. त्यांची दारू होते म्हणून. तीन भिंती भरून बाटल्या कायदेशीर होत्या आणि ही एक बरणीभर सुकी फुलं बेकायदा.

"आमच्याकडं मोह म्हंजे निस्ती दारू नाय ताई. आखाडात, सरावनात घरात दाना नसतो. तवा फुलं भाजून खायची, दिस काढायचे. माझी आय पहाटं येचायला जायाची. देवाला, मेलेल्या मानसाला द्यायाला माठभर गाळायची बी, नाय कशाला म्हनू? पयले चार थेंब भुईवर, मंग बाकीचं. एका साली खाकीवाले आले. माठ फोडला. त्यो फोडला ते फोडला. पर तीन टोपल्या फुलं व्हती खायाची, ती वढ्यात वतली. वढा कोरडा, म्हनून वरनं राकेल टाकलं." त्यांनी बरणीचं झाकण लावलं. "आयला पेठला नेली. आठ दिसांनी आली. पर बोलायची बंद झाली. आन् त्या आखाडात धाकली बहीन गेली. भुकेनं गेली. कुनी भुकेनं म्हनलं नाय, ताप म्हनले."

मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसले.

"म्हनून हितं घालतो," ते बरणीवर टिचकी मारत म्हणाले. "साहेबलोकांच्या गिलासात आयची फुलं. ते पितात आन् वा म्हनतात. बास. मला तेवढं ऐकायचं असतं."

आणि खरोखर सगळे 'वा' म्हणत. त्यात परवान्याच्या खात्यातले एक साहेबही होते. गृहस्थ माणूस, सौम्य, दर शुक्रवारी सहाच्या सुमाराला येणारा. एकच ग्लास घेत, मुलीच्या लग्नाची काळजी बोलून दाखवत आणि जाताना म्हणत, "मेजर, यात काय घालता तुम्ही, कळत नाही बुवा." मेजर म्हणत, "मनुका, साहेब."

दोन हजार सालानंतर नाशिक बदलायला लागलं. वायनरीवाले आले, त्यांच्यामागून पाहुणे आले, आणि आमच्याकडे एक नवा मॅनेजर आला. टाय लावणारा, बाहेरगावचा, वाईट नव्हता. त्यानं ठरवलं की बारचं नवं कार्ड छापायचं आणि रमच्या ग्लासांमागचा स्थानिक इतिहास त्यावर इंग्रजीत द्यायचा. मला बोलावून म्हणाला, "तुमचं हिस्ट्रीत एम.ए. ना? मग काढा ना चार ओळी. लोकांना हिस्ट्री आवडते."

मी आधी कर्नलच लिहिला. छान लिहिला. मग काउंटरवर बसून तो पुन्हा वाचला आणि मला चीड आली. सात खोट्यांखाली एक खरा इतिहास इतकी वर्षं दबून राहिला होता आणि तो ठाऊक असलेली मी एकटी. कॉलेजनं मला उभं केलं नव्हतं, पण इथे एक खरी गोष्ट माझ्या हातानं छापून येणार होती. मी कागद फाडला आणि दुसरा घेतला. पेठकडचा डोंगर, आई, फुलं, तीन टोपल्या, राकेल, धाकटी बहीण, बरणी. सगळं.

मेजरांना मी विचारलं. "कार्डावर तुमचं नाव घालू का?" त्यांचा चेहरा उजळला. "घाला की. पर मेजर नगं, काशिराम घाला." एवढंच मी विचारलं. बाकीचं विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही. फुलांचा कायदा मला आठवत नव्हता असंही नाही. मनाशी म्हटलं, जुनी गोष्ट आहे, मूठभर फुलांसाठी आता कोण येतंय? शहाण्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही.

कार्ड छापून आलं. मॅनेजर बेहद्द खूश. बाहेरचा माणूस, त्याला मोहाचा कायदा कुठला ठाऊक असणार? मेजरांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी मला त्यांचं नाव कुठे आहे ते दाखवायला लावलं. खालून तिसरी ओळ, डाव्या बाजूला. त्यांनी ती जागा पाठ केली. पुढचे पंधरा दिवस प्रत्येक गिऱ्हाइकापुढे कार्ड ठेवून ते त्या जागेवर बोट टेकवायचे, "हे मी." एक कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी घरीही नेलं. ते बोट ज्या ओळीवर होतं, तिच्या वरच्याच ओळीत बरणीत काय आहे ते छापलेलं होतं.

मुलीच्या लग्नाच्या गडबडीत दोन शुक्रवार चुकवून तिसऱ्या शुक्रवारी साहेब आले. अजून ऊन होतं. मी पाहुण्यांच्या बिलाचं विचारायला बारमध्ये गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं. मेजरांनी ग्लास ठेवला, कार्ड ठेवलं, बोट टेकवलं, "साहेब, हे मी." साहेबांनी कौतुकानं चष्मा लावला. वाचता वाचता त्यांचा हात ग्लासावरून खाली आला. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"मेजर, यात काय लिहिलंय तुम्हाला माहीत आहे?"

"माजं नाव हाय, साहेब."

साहेबांनी हळू आवाजात, एकेक वाक्य मराठीत करून, त्यांना सगळं वाचून दाखवलं. मेजरांनी मान वर करून एकदाच माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं झालं असतं.

मॅनेजर धावत आला होता. साहेबांनी चष्मा काढला. "हे मी वाचलं नसतं तर फार बरं झालं असतं," ते म्हणाले. "पण हे छापलंय. उद्या हे कार्ड माझ्या टेबलावर कुणी ठेवलं तर मी काय सांगू?" मग ते मेजरांकडे वळले. त्यांचा आवाज जवळजवळ विनवणीचा होता. "मेजर, ही पण गोष्टच ना? तुमच्या त्या कर्नलसारखी? गुऱ्हाळासारखी? गिऱ्हाइकाला सांगायची गोष्ट. मनुकाच आहेत ना त्या बरणीत? तुम्ही नुसतं हो म्हणा."

दार उघडं होतं. सुटकेचं, साहेबांनी स्वतःच उघडून दिलेलं. मॅनेजर मान हलवून खुणा करत होता, मीही मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा, हो म्हणा. सात खोटे इतिहास ज्यानं जन्मभर बिनदिक्कत सांगितले, त्याला आठवं खोटं काय जड होतं?

मेजर म्हणाले, "साहेब, ते आयचं वाचलं ते परत एकदा वाचा."

साहेबांनी वाचलं. मेजर हात मागे बांधून, मेसमध्ये उभे राहत असतील तसे उभे राहून ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "न्हाई साहेब. कर्नल खोटा. गुऱ्हाळ खोटं. ही खरी हाय. तिला खोटी कशी म्हनू?" आणि आत जाऊन त्यांनी बरणी आणली, माझ्या वळणदार अक्षरातला कागद नखानं खरवडून काढला, आणि बरणी साहेबांपुढे ठेवली.

मॅनेजरनं मला विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हणाले, "मेजरांनीच." शब्दाला शब्द खरा होता आणि इतकं भेकड वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही. मेजर लगेच म्हणाले, "व्हय, म्याच सांगितलं. म्याडमची काय चूक नाय." म्याडम म्हणाले. अर्थात, लोक होते समोर.

साहेबांनी केस केली नाही. ती त्यांची मेहेरबानी. फुलं मात्र त्यांच्यादेखत स्वयंपाकघरामागच्या गटारात ओतली गेली. राकेल टाकायची गरज पडली नाही, गटार वाहतं होतं. हॉटेलचा परवाना धोक्यात नको म्हणून मॅनेजरनं मेजरांना त्याच संध्याकाळी निरोप दिला. जाताना त्यांनी कॉलर नीट केली, काउंटर पुसला आणि मागच्या दारानं गेले. कार्डं गोळा करून फाडली. नवं कार्ड लिहायला मॅनेजरनं मलाच सांगितलं आणि मी लिहिलं. कर्नल लिहिला. नोकरी होती ना. अजूनही तिथे तोच कर्नल आहे असं ऐकते, आणि रममध्ये खऱ्या मनुका.

त्यानंतर मेजर मला एकदाच भेटले, निमाणीच्या बसस्टँडवर. मखमलाबादकडच्या एका द्राक्षबागेत राखण करतात म्हणाले. फवारणीच्या औषधांनी छाती भरते म्हणाले. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं, हॉटेल नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हटलं, "मेजर, माझं चुकलं." ते म्हणाले, "जाऊ द्या म्याडम, बस आली तुमची."

त्यांचं घर पेठ रस्त्यावर होतं, माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर. मी तीन वर्षं आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. गेले ते त्यांच्या दहाव्यानंतर.

दोन खोल्यांचं घर. त्यांच्या बायकोला मी नाव सांगितलं, हॉटेलचं सांगितलं. काही तरी बोलतील म्हणून मी मान खाली घालूनच बसले होते. त्यांनी पाणी दिलं, मग उठून देवांच्या फोटोंशेजारची एक फ्रेम काढून माझ्या मांडीवर ठेवली. कार्ड होतं. फाडायचं राहून गेलेलं ते एकमेव.

"इंग्रजी हाय ना, घरात कुनाला येत न्हाई," त्या म्हणाल्या. "निस्तं नाव दाखवायचे, हे मी. बाकी काय हाय इचारलं तर म्हनायचे, तुला कोनी तरी वाचून दाखवंल एक दिवस. तू वाचतीस का बाय?"

मी वाचलं. एकेक वाक्य मराठीत करत, साहेबांनी केलं होतं तसं. डोंगर, पहाट, आई, फुलं. सून दारात येऊन उभी राहिली. राकेलपाशी म्हातारीनं डोळे मिटले. हे सगळं ती आज पहिल्यांदा ऐकत होती, चाळीस वर्षांच्या संसारानंतर. शेवटी मी वाचलं, 'त्या पावसाळ्यात त्याची धाकटी बहीण वारली.'

"नाव काय लिवलंय तिचं?" म्हातारीनं विचारलं.

"कुणाचं?"

"धाकलीचं. बहिनीचं."

मी कार्ड पुन्हा बघितलं. बघायची गरज नव्हती, लिहिलं मीच होतं. नावच नव्हतं. त्या दुपारी बारमध्ये मी ते विचारलंच नव्हतं.

"नाही लिहिलं," मी म्हणाले. "मी विचारलं नाही त्यांना."

माझ्या मांडीवरून फ्रेम घेत म्हातारी म्हणाली, "मला बी न्हाई सांगितलं कधी. आता कुनाला इचारायचं?"